इग्वानाची नोंद झाली, पुढे काय?

दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या अरण्यांत झाडांच्या शेंड्यावर राहणारा हिरवा इग्वाना हा सरडा गेल्या दोन दशकांत भारतीय महानगरांतील सदनिकांमध्ये येऊन पोहोचला आहे. पिंपरी-चिंचवडसारखे वेगाने वाढलेले औद्योगिक शहरही त्याला अपवाद नाही. अशा विदेशी प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करणे २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केले. मात्र मालकाला नकोसा झालेला प्राणी नेमका कोठे जावा, याचे उत्तर त्या नियमांत नाही. ते या शहरालाच शोधावे लागणार आहे.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सजीव प्राणी प्रजातींच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. आंतरराष्ट्रीय 'सायटीस' कराराच्या परिशिष्टांत नाव असलेला आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत समाविष्ट झालेला कोणताही जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने सहा महिन्यांच्या आत त्याची माहिती देणे या नियमांनी आवश्यक ठरविले. ही मुदत ऑगस्ट २०२४ अखेर संपली. मकाव पोपट, काही जातींचे अजगर व कासवे यांच्याबरोबरच इग्वानाही या यादीत येतो. कायद्याच्या दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचेच आहे. तथापि, नोंदणी हा या प्रश्नाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. आणि आरंभालाच शेवट समजण्याची चूक आपल्या प्रशासनाने यापूर्वी अनेकदा केली आहे.

घोरपड नव्हे, सरडाही नव्हे

इग्वाना प्रथमच पाहणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी सहसा 'घोरपड' हाच शब्द येतो. वस्तुतः दोघांत साम्य आहे ते केवळ आकाराचे. घोरपड मांसाहारी आहे. उंदीर, अंडी, किडे, मेलेले प्राणी असे काहीही तिला चालते. तिची जीभ सापासारखी दुभंगलेली असते आणि तिचा बराचसा वावर जमिनीवर असतो. इग्वाना मात्र जवळजवळ पूर्णतः शाकाहारी आहे. पाने, फुले, कोवळे कोंब आणि फळे यांवर तो जगतो. झाडाच्या पाल्यातील चिवट तंतू पचविण्यासाठी त्याच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीवांची वसाहत असते. हे सूक्ष्मजीव पिल्लाला जन्मतः मिळत नाहीत. अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले मोठ्या इग्वानांची विष्ठा खाऊन ते मिळवितात. अरण्यातील या व्यवस्थेला काचेच्या पेटीत पर्याय नसतो.

मेक्सिकोपासून ब्राझील व पॅराग्वेपर्यंत या प्राण्याचा मूळ अधिवास आहे. 'इग्वाना' हे नावही कॅरिबियन बेटांवरील ताइनो या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आले. नदीवर झुकलेल्या उंच फांद्या ही त्याची आवडती जागा. शत्रू दिसला की तो सरळ खाली पाण्यात उडी घेतो आणि शेपटीच्या बळावर पोहत निघून जातो. नराच्या गळ्याखाली कातडीचा मोठा पडदा लोंबतो. तो फुगवून तो प्रतिस्पर्ध्याला दटावतो आणि मादीला आकर्षित करतो. डोक्याच्या माथ्यावर प्रकाशाची जाणीव होणारा एक 'तिसरा डोळा' असतो. वरून झेपावणाऱ्या ससाण्याची सावली त्याला कळते. शेपटी धरून ओढली तर ती तुटते व पुढे नव्याने वाढते.

या वर्णनातील दोन गोष्टी शहरी वाचकाने विशेष लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे आकार. दुकानात मिळणारे पिल्लू शेपटीसह जेमतेम वीतभर असते. योग्य आहार मिळाल्यास तेच तीन-चार वर्षांत मीटरभर लांबीचे होते, आणि पूर्ण वाढलेला नर शेपटीसह दीड मीटरच्याही पुढे जातो. दुसरी म्हणजे आयुष्य. नीट निगा राखल्यास तो पंधरा ते वीस वर्षे जगतो. याचा अर्थ असा की, पहिलीतल्या मुलाच्या हट्टापायी घरात आलेला इग्वाना तो मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत घरात असू शकतो.

बाजार कोणी घडविला?

भारतात विदेशी प्राणी पाळण्याची लाट का आली, याचे एक कारण आपल्याच कायद्यात दडलेले आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. पुढे त्यात झालेल्या सुधारणांमुळे देशी पोपट, देशी कासवे, घोरपड, साप यांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला. ते आवश्यकच होते. परंतु हा कायदा प्रामुख्याने भारतीय प्रजातींचा विचार करणारा होता. परदेशातील प्राणी एकदा सीमाशुल्क ओलांडून देशात आला की त्याच्या पुढील प्रवासावर या कायद्याची पकड नव्हती. परिणामी, मागणी तीच राहिली. फक्त माल बदलला. पोपटाऐवजी मकाव, चांदणी कासवाऐवजी लाल कानाचे अमेरिकन कासव आणि घोरपडीऐवजी इग्वाना असे पर्याय पुढे आले. 'हा विदेशी आहे, त्यामुळे कायदेशीर आहे' हे वाक्य विक्रेत्यांचे परवलीचे वाक्य बनले.

पुरवठ्याची बाजूही समजून घ्यावी लागेल. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर व दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशांत इग्वानाची शेती होते. तेथून लक्षावधी पिल्ले जगभर, मुख्यतः अमेरिकेत, गेली. एक मादी वर्षातून एकदा, पण एका वेळी वीस ते सत्तर अंडी घालते. त्यामुळे पिल्लू स्वस्त असते. १९७७ सालापासून ही प्रजाती 'सायटीस'च्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे तिच्या व्यापारावर बंदी नाही, पण निर्यातीचा परवाना लागतो. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. प्रत्यक्षात मात्र परवान्याशिवायचा मार्ग किती रुळलेला आहे, याचे दर्शन ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई विमानतळाच्या मालवाहतूक संकुलात घडले. शोभेचे जिवंत मासे असल्याचे सांगून मलेशियातून आलेल्या खोक्यांत महसूल गुप्तचर संचालनालयाला अजगर, सरडे, कासवे आणि इग्वाना असे ६६५ प्राणी सापडले. त्यांपैकी ११७ प्राणी प्रवासातच मरण पावले होते.

विमानतळावर पकडलेला माल हा वृत्तपत्रांत येतो. जो पकडला जात नाही, तो महामार्गाने महानगरांत उतरतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे टोक पिंपरी-चिंचवडच्या उंबरठ्यावर येते, ही गोष्ट या व्यापाराच्या दृष्टीने सोयीचीच म्हणावी लागेल.

पिंपरीत १९५० च्या दशकात हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग औद्योगिक वसाहत वाढली, १९८२ साली महापालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सतरा लाखांवर गेली. त्यानंतर चाकण, तळेगाव, हिंजवडी अशा दिशांनी हा पट्टा पसरतच गेला. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली तरुण कुटुंबे, हाती पैसा, छोटी सदनिका आणि समाजमाध्यमांवर दिसणारे खांद्यावरच्या इग्वानाचे छायाचित्र, या साऱ्यांतून हौस जन्माला येते. कुत्रा पाळण्यास गृहनिर्माण संस्था कुरकुर करते. इग्वाना ना भुंकतो, ना शेजाऱ्यांना दिसतो. 'सांभाळायला सोपा' हे त्याचे वर्णन येथूनच सुरू होते. ते पूर्णतः खोटे आहे.

बंद खोलीतील अरण्य

इग्वाना थंड रक्ताचा प्राणी आहे. अन्न पचण्यासाठी त्याला ऊब लागते. उन्हाच्या जागेचे तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअस असावे लागते. त्याहून महत्त्वाचा असतो सूर्यप्रकाशातील 'यूव्हीबी' हा अतिनील किरणांचा भाग. त्याच्या अभावी शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही आणि आहारातील कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचत नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतात. त्यामुळे 'आमच्याकडे तो रोज खिडकीत उन्हाला बसतो' या समाधानाला फारसा अर्थ उरत नाही. कॅल्शियम मिळाले नाही की जबडा मऊ होतो, पाय वाकतात, पाठीचा कणा वेडावाकडा होतो. पाळीव इग्वानांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या आजारांपैकी हा एक आहे.

आहाराची गोष्टही तशीच. पालक पौष्टिक म्हणून रोज दिला जातो. त्यातील ऑक्झॅलेट उलट कॅल्शियमला अडवून ठेवते. 'ताकद यावी' म्हणून उकडलेले अंडे किंवा मांजराचे खाद्य दिले जाते. जादा प्रथिनांनी काही वर्षांत मूत्रपिंडे निकामी होतात. जास्वंदीची पाने-फुले त्याला मानवतात, हे अनेक मालकांना दुकानदाराने कधी सांगितलेलेच नसते. शिवाय, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू वरकरणी कोणतेही लक्षण नसताना असू शकतात. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात असे प्राणी ठेवू नयेत, असा सल्ला अमेरिकेतील आरोग्य यंत्रणा देतात.

सारांश, या प्राण्याला खोलीच्या आकाराचा पिंजरा, चढण्यास फांद्या, दमट हवा, दिवसभर चालणारा तापदीप, ठरावीक काळाने बदलावा लागणारा यूव्हीबी दिवा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास असलेला पशुवैद्य एवढे सारे लागते. दोन खोल्यांच्या सदनिकेत हे शक्य नाही असे नव्हे. पण ज्यांनी हौसेखातर वीतभर पिल्लू आणले, त्यांपैकी फार थोड्यांना ते परवडते. त्यातच वयात आलेला नर विणीच्या हंगामात आक्रमक होतो, शेपटीचे फटके मारतो, चावतो. येथेच खरा प्रश्न उभा राहतो: आता याचे करायचे काय?

कायद्याची तीन पावले

शासनाने या प्रश्नाकडे तीन टप्प्यांत पाहिले. जून २०२० मध्ये केंद्राने ऐच्छिक घोषणेची योजना आणली. विहित मुदतीत आपल्याकडील विदेशी प्राणी जाहीर करणाऱ्याकडे कागदपत्रे मागितली जाणार नाहीत, असे आश्वासन तीत होते. काळा पैसा बाहेर काढण्यासाठी आणलेल्या योजनांशी तिचे साम्य अनेकांच्या लक्षात आले, आणि टीकाही झाली. कारण तस्करीने आलेला प्राणीही या वाटेने अधिकृत होऊ शकत होता. दुसरीकडे, देशात असे प्राणी किती व कोठे आहेत याचा निदान अंदाज यावा, यासाठी दुसरा मार्ग नव्हता, हा सरकारी युक्तिवादही अगदीच पोकळ नव्हता.

दुसरे पाऊल म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेली वन्यजीव कायद्यातील दुरुस्ती. तिने अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आणली आणि चौथी अनुसूची 'सायटीस'मधील प्रजातींसाठी राखून ठेवली. अशा प्राण्याच्या जन्माची, मृत्यूची आणि हस्तांतरणाची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले. भंग केल्यास इग्वानासारख्या दुसऱ्या परिशिष्टातील प्राण्याबाबत तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याच दुरुस्तीने 'आक्रमक परकीय प्रजाती' ही संकल्पना प्रथमच या कायद्यात आणली आणि त्यांच्या आयात, बाळगणे व प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला दिला. तिसरे पाऊल म्हणजे आरंभी उल्लेखिलेले २०२४ चे नियम. 'परिवेश' या संगणकीय संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे अर्ज करण्याची पद्धत त्यांनी घालून दिली.

कागदावर ही रचना बरीचशी पूर्ण दिसते. त्रुटी आहे ती माणसाच्या स्वभावाचा अंदाज घेण्यात. नोंद न केलेला मालक दोन भीतींच्या कात्रीत सापडतो. वनखात्याकडे जावे तर गुन्हा दाखल होण्याची धास्ती. ठेवून घ्यावा तर सांभाळणे अशक्य. अशा वेळी त्याला तिसरा मार्ग सर्वांत सोपा आणि दयाळूपणाचाही वाटतो. तो म्हणजे रात्री नदीकाठच्या झाडीत किंवा एखाद्या टेकडीवर प्राण्याला 'मुक्त' करणे. कायदा जितका कडक आणि परत देण्याचा मार्ग जितका अरुंद, तितका हा तिसरा मार्ग रुंद होत जातो.

'मुक्ती'ची किंमत

ही मुक्ती इतर देशांना किती महाग पडली, हे तपासून पाहण्यास भरपूर आधार आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९६० च्या दशकात रानात इग्वाना दिसू लागले. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून निसटलेले आणि मालकांनी सोडून दिलेले हे प्राणी पुढील दशकांत कालवे, उद्याने व वसाहतींमध्ये पसरले. मादी अंडी घालण्यासाठी जमिनीत लांब बिळे खोदते. त्यामुळे कालव्यांचे काठ, बांध व पदपथ खचतात. बागांमधील जास्वंद आणि बोगनवेल फस्त होते. जानेवारी २०२० मध्ये थंडीची लाट आली, तेव्हा गारठलेले इग्वाना झाडांवरून खाली पडू शकतील, असा इशारा तेथील हवामान विभागाने नागरिकांना दिला होता. जगभर त्याची चेष्टा झाली. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, फ्लोरिडाने इग्वानाला निषिद्ध प्रजातींच्या यादीत टाकले. तोवर साठ वर्षे उलटून गेली होती.

पोर्तो रिको या बेटावर इग्वानांची संख्या माणसांहूनही अधिक झाल्याचे अंदाज २०१२ च्या सुमारास व्यक्त झाले. ते मारून मांस निर्यात करण्याची योजना सरकारला आखावी लागली. कॅरिबियन समुद्रातील लहान बेटांवर तर हिरव्या इग्वानाच्या संकरामुळे तेथील मूळची स्थानिक इग्वाना प्रजातीच नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. आपल्याला अधिक जवळची उदाहरणे आशियातील आहेत. तैवानच्या दक्षिण भागात शेती व बांधांना उपद्रव देणाऱ्या इग्वानांना पकडण्याच्या मोहिमा दरवर्षी काढाव्या लागतात. थायलंडमध्ये लोपबुरी प्रांतातील शेतकऱ्यांच्या तक्रारींनंतर २०२३ मध्ये अशीच मोहीम हाती घ्यावी लागली. या दोन्ही ठिकाणी सुरुवात पाळीव प्राण्यांपासूनच झाली होती.

महाराष्ट्रात इग्वाना रानात स्थिरावल्याचे आजवर ऐकिवात नाही, ही समाधानाची बाब आहे. पिंपरी-चिंचवडची हवा त्याला कितपत मानवेल, याविषयी अतिरंजित भीती पसरविण्याचेही कारण नाही. येथील हिवाळ्यातील रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि उन्हाळा कोरडा असतो. हे दोन्ही त्याला प्रतिकूल आहे. लहान पिल्लांना कावळे, घारी, मुंगूस आणि भटकी कुत्री सहजी सोडणार नाहीत. सोडून दिलेले बहुतेक प्राणी भुकेने, थंडीने वा वाहनाखाली मरतील, हीच शक्यता अधिक. म्हणजेच 'मुक्ती' ही प्राण्याच्या दृष्टीनेही मृत्युदंडच ठरते. परंतु घाट उतरून कोकणात गेले की चित्र बदलते. तेथील उष्ण, दमट हवा, नदी-खाड्यांचे काठ आणि बारमाही हिरवळ ही त्याच्या मूळ प्रदेशाशी बरीच जुळणारी आहे. पुण्या-पिंपरीतील मालक शनिवार-रविवारी कोकणात जातात, हे लक्षात घेता धोक्याचा नकाशा महापालिकेच्या हद्दीपुरता काढून चालणार नाही.

जलपर्णीने शिकवलेला धडा

परकीय पाहुण्याचे पुढे काय होते, हे समजून घेण्यासाठी पिंपरी-चिंचवडकरांना फ्लोरिडापर्यंत जाण्याची गरजही नाही. पवना, इंद्रायणी किंवा मुळेच्या पुलावर उभे राहिले तरी पुरेसे आहे. दर उन्हाळ्यात या नद्यांवर जो हिरवा गालिचा पसरतो, ती जलपर्णी इग्वानाच्याच मुलखातील, दक्षिण अमेरिकेतील. जांभळ्या फुलांच्या सौंदर्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आणली गेली. सांडपाण्याने समृद्ध झालेल्या आपल्या नद्यांत तिला रान मोकळे मिळाले. आज महापालिका दरवर्षी ती काढण्याच्या निविदा काढते, यंत्रे लावते, डासांच्या तक्रारी ऐकते, आणि पुढच्या वर्षी तेच चक्र पुन्हा सुरू होते. तलावांच्या शोभेसाठी आणलेल्या एका वनस्पतीने शहराच्या अंदाजपत्रकात कायमची जागा मिळविली आहे.

याच नद्यांचे पाणी पुढे भीमेतून उजनीत जाते. तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांत दक्षिण अमेरिकेतील सकर मासा सापडू लागला आहे. घरातील काचेच्या टाकीची शेवाळे खाण्यासाठी विकला जाणारा हा मासा मोठा झाला की मालक तो पाण्यात सोडून देतात. काटेरी कवचामुळे तो जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नसतो. हौस शहरातील, भुर्दंड मात्र खेड्यातील मच्छीमाराला, असा हा व्यवहार आहे. वनस्पती, मासा आणि सरडा यांच्या कथेत पात्रे वेगळी असली तरी क्रम एकच आहे: शोभा, कंटाळा, सोडून देणे, आणि मग दुसऱ्या कोणी फेडायचे कर्ज.

घरच्या सरड्यांना कोण विचारतो?

या चर्चेत एक विसंगती सहज नजरेतून सुटते. ज्या गुणांसाठी इग्वानाला हजारो मैलांवरून आणले जाते, ते गुण आपल्या अंगणातील सरड्यांतही आहेत. गळ्याचा पडदा फुगवून दाखवणारे सरडे महाराष्ट्राच्या पठारांवर आहेत. विणीच्या काळात नराच्या गळ्यावर निळा, काळा आणि नारिंगी असे रंग झळकतात. २०१६ साली भारतीय संशोधकांनी या सरड्यांची नवी कुळी वर्णिली, तेव्हा तिचे शास्त्रीय नावच 'सरडा' या मराठी शब्दावरून ठेवले. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरील प्रजातीला त्यांनी 'सुपर्बा' म्हटले. जगाच्या प्राणिशास्त्रात मराठी शब्दाला मिळालेला हा मान किती मराठी घरांना ठाऊक आहे? सह्याद्रीच्या झाडीत झाडांवर राहणारे सरडे आहेत, रंग बदलणारा शॅमेलिऑन आहे, आणि सोसायटीच्या कुंपणावर मान हलवणारा, लाल गळ्याचा बागसरडा तर रोजच दिसतो.

त्यांना मात्र पाहुण्याचा पाहुणचार नाही. चाकण परिसरातील माळरान भूखंडांसाठी सपाट होते तेव्हा त्यावरील सरड्यांची मोजणी कोणी करीत नाही. कारण सरकारी भाषेत माळ म्हणजे 'पडीक जमीन'. रस्ता रुंद होताना जुने वड-चिंच तुटतात आणि त्यांच्या ढोल्यांतील रहिवासी निमूटपणे नाहीसे होतात. घोरपडीच्या अवयवांना 'हत्था जोडी' नावाचे दुर्मिळ मूळ म्हणून विकणारी टोळी पकडली की तेवढ्यापुरती बातमी होते. परदेशी सरड्यासाठी तापदीप आणि देशी सरड्यासाठी जेसीबी, ही आपल्या प्राणिप्रेमाची आजची स्थिती आहे.

करायचे ते काय?

पहिली गरज आहे ती परत देण्याच्या निर्भय व्यवस्थेची. ज्याला प्राणी सांभाळता येत नाही, त्याने तो स्वेच्छेने आणून दिल्यास त्याच्यामागे चौकशीचा ससेमिरा लागणार नाही, अशी स्पष्ट व लेखी हमी वनखात्याने देणे आवश्यक आहे. तस्कर आणि गोंधळलेला मालक यांत फरक केला नाही, तर दोघेही लपूनच राहतील. फ्लोरिडात विदेशी प्राणी विनादंड स्वीकारण्याचे दिवस ठरवून पाळले जातात. महापालिका व वनखाते मिळून असा दिवस वर्षातून एकदा तरी ठेवू शकतात.

दुसरा प्रश्न जागेचा. चिंचवड येथे महापालिकेचे निसर्गकवी बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय आहे. सर्पोद्यान म्हणून ते नावारूपाला आले आणि सरपटणारे प्राणी हीच त्याची ओळख होती; पुढे नूतनीकरणाच्या कामामुळे ते दीर्घकाळ प्रेक्षकांसाठी बंद राहिले. शहराजवळ सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी घडवलेली एखादी जागा असेल, तर ती हीच. तेथे विदेशी प्राण्यांसाठी विलगीकरण व संगोपनाची छोटी शाखा उभी करण्यास केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची परवानगी, प्रशिक्षित पशुवैद्य आणि कायमस्वरूपी तरतूद लागेल. जलपर्णीवर दरवर्षी होणाऱ्या खर्चाशी तुलना केल्यास ही तरतूद डोईजड ठरणारी नाही.

तिसरी अडचण हद्दीची. निगडी ते चाकण हा औद्योगिक पट्टा डोळ्यांना सलग दिसतो. पण कागदावर तो महापालिका, चाकण नगरपरिषद, औद्योगिक विकास महामंडळ, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि वनखाते यांच्यात वाटलेला आहे. २०२२ साली चाकणच्या एका मोटार कारखान्यात बिबट्या शिरला, तेव्हा वनखाते व प्राणिमित्र संस्थांनी काही तासांत त्याला सुरक्षित बाहेर काढले. बिबट्यासाठी यंत्रणा धावते, कारण त्याची भीती वाटते आणि जबाबदारी ठरलेली आहे. एखाद्या कामगार वसाहतीच्या झाडावर इग्वाना दिसला तर दूरध्वनी कोणाला करायचा, हे मात्र तितकेच स्पष्ट असायला हवे. एकच क्रमांक आणि एकच जबाबदार अधिकारी एवढी साधी गोष्टही पुष्कळ काम करील.

चौथी गोष्ट विक्रीच्या जागेची. नोंदणीचा सारा भार आज खरेदीदारावर आहे. प्रत्येक विक्रेत्याने प्राण्याची पूर्ण वाढ, आयुर्मान, आहार आणि कायदेशीर जबाबदारी मराठीत छापून ग्राहकाच्या हाती द्यावी, अशी सक्ती झाली तर निम्मी हौस दुकानाच्या दारातच ओसरेल. आणि आक्रमक प्रजातींविषयी २०२२ च्या दुरुस्तीने दिलेला अधिकार वापरून, ज्या प्रजातींनी आशियात अन्यत्र उपद्रव सिद्ध केला आहे त्यांच्या आयातीबाबत केंद्राने वेळीच निर्णय घेतला पाहिजे. फ्लोरिडाने तो घेण्यास साठ वर्षे लावली.

इग्वाना स्वतः कोणाचा शत्रू नाही. ॲमेझॉनच्या काठी तो तेथील अरण्याचा एक उपयुक्त घटक आहे. फळे खाऊन बिया दूरवर पोहोचविणारा. त्याला तेथून उचलून आणणारा, आवडेनासा झाल्यावर नदीकाठी सोडणारा आणि मग त्याच्या नावाने बोटे मोडणारा माणूसच आहे. कायद्याने या माणसाच्या हाती आता एक नोंदणीपत्र दिले आहे. ते पत्र घेऊन तो ज्या दाराशी जाऊ शकेल असे एक दार पिंपरी-चिंचवडमध्ये उघडले, तरच त्या नोंदीला अर्थ येईल. जलपर्णीच्या वेळी ही संधी कोणाला कळलीच नाही. या वेळी ती समोर दिसते आहे.